बालिका निरोगी आढळली

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला इस्पितळातून मुलांच्या डॉक्टरांचा फोन आला. नऊ वर्षांची एक मुलगी गणिताच्या तासाला बाकावरच कोसळली होती. वर्गाच्या बाईंनी कोणाची वाट न बघता तिला उचलून इस्पितळात आणलं, म्हणून ती जिवंत पोचली. रक्तातली साखर यंत्राला मोजता येईना इतकी चढली होती. आणि आता तिचे आईवडील अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून तिला घरी न्यायचं म्हणत होते.

"औषध नको म्हणतायत," डॉक्टर म्हणाल्या. "प्रार्थनेनेच बरी होईल म्हणतायत. तुम्ही लगेच या. आणि मॅडम, आणखी एक गोष्ट आहे. ती फोनवर नको."

मी बालसंरक्षण कार्यालयात चौकशी अधिकारी आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे असे आईवडील मला नवे नव्हते. आमचा कायदा या बाबतीत सरळ आहे. पालकांनी कोणावर आणि कशी श्रद्धा ठेवायची हा त्यांचा प्रश्न; पण त्या श्रद्धेपायी मुलाच्या जिवावर बेतत असेल तर कार्यालय मुलाला बहात्तर तास ताब्यात घेऊन उपचार करवू शकतं. पुढचं न्यायाधीश ठरवतात. मी विभागाच्या दारातच हुकूम लिहिला आणि वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला.

"शुक्रवारी कोर्टात भेटू," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. आई भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

डॉक्टरांनी मला आत नेलं. मुलगी शुद्धीवर नव्हती. त्यांनी चादर थोडी बाजूला करून तिच्या अंगावरच्या खुणा दाखवल्या. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, रांगेत.

"इन्सुलिनच्या सुईच्या खुणा आहेत," त्या म्हणाल्या. "हिच्या बाई सांगतात, दहा महिन्यांपूर्वी ही वर्गात सारखी पाणी प्यायची, वाळून काडी झाली होती. मग आपोआप सुधारली. मॅडम, हे दुखणं आपोआप सुधारत नाही. औषध नसतं तर ही तेव्हाच गेली असती. कोणीतरी हिला दहा महिने चोरून जगवलंय."

"आणि आता?"

"ताज्या खुणा नाहीत. आठ-दहा दिवसांपूर्वी ते अचानक थांबलंय."

मी खाटेला लावलेला कागद वाचला. नाव मी ओळखलं. या मुलीला घरी सगळे भिंगरी म्हणतात, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. चार महिन्यांपूर्वी मी तिच्याच घरात बसून पाणी प्यायले होते. निनावी तक्रार आली होती: मुलीला मधुमेह आहे, आईवडील उपचार करत नाहीत. मी चौकशी करून फाईल बंद केली होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "बालिका निरोगी आढळली." खाली माझी सही.

२

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगून टाकते. मी गेले तेव्हा भिंगरी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली आली. गाल भरलेले, तोंड अखंड चालू. वडील म्हणाले, मध्ये आजारी होती, देवाने बरी केली. रक्त तपासू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आमच्या प्रार्थना मंडळात सुई चालत नाही. रक्ततपासणीचा हुकूम काढायला माझी एक सही पुरे होती. पण मुलगी समोर उड्या मारत होती, आणि सही केली असती तर घरात रडारड, भांडण, पोलीस, सगळं आलं असतं. मला ते नको होतं. फाईल बंद झाली आणि मी दुपारी वेळेवर जेवले.

आता आईवडिलांचे वकील कोर्टात माझाच कागद लावणार होते. मुलगी चार महिन्यांपूर्वी औषधाशिवाय ठणठणीत होती, सरकार स्वतः म्हणतंय. आठवडाभराच्या दुखण्यासाठी आईवडिलांपासून तोडता कसं? याला एकच उत्तर होतं. औषध देणारा माणूस शोधून न्यायाधीशांपुढे उभा करणं. माझ्याकडे अडीच दिवस होते.

बुधवारी सकाळी मी वडिलांच्या दुकानात गेले. ते वजनकाटे दुरुस्त करतात. बोळात एक खोली, भिंतीभर तराजू, आणि मध्ये हा शांत माणूस, चिमट्यात इवलंसं वजन धरून.

"मुलीच्या अंगावर सुईच्या खुणा आहेत," मी म्हटलं.

त्यांनी वजन पारड्यात ठेवलं आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबले. "इस्पितळात सुयाच टोचतात."

"या जुन्या आहेत. कित्येक महिन्यांच्या."

त्यांचा चेहरा पडला. तो खोटा वाटला नाही. इतक्या वर्षांत एवढं कळायला लागलंय. "मग माझ्या बहिणीला विचारा," ते म्हणाले. "दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. आमच्या मंडळावर तिचा पहिल्यापासून राग. पण तिने असं केलं असेल तर..." ते पुन्हा वजनाकडे वळले, पण ते काही त्यांच्या चिमट्यात येईना.

आई घरी शाळेचे गणवेश शिवते. इस्पितळातून तासाभरासाठी आली होती आणि यंत्रापाशी नुसतीच बसली होती. तिलाही मी तेच सांगितलं, अंगावर खुणा आहेत. सुईचं नाव मुद्दामच काढलं नाही.

"डास चावतात हो तिला," ती घाईघाईने म्हणाली. "पोटाला, मांड्यांना. खाजवते मग."

"औषध कोणी देत होतं का तिला?"

"आमच्याकडे कोण देणार, मॅडम?" तिने दोरा दाताने तोडला. तो आधीच तुटलेला होता.

आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. दार उघडताच म्हणाली, "मी केलेलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं." मग तिने मला आत घेतलं आणि पायावरचा लांबलचक व्रण दाखवला. मोठ्या सुट्टीत ती पडली, मांडीचं हाड मोडलं, दोन महिने खाटेवर होती. आणि त्याच्याही आधीपासून, एकूण दोन वर्षं, ती भावाच्या घराची पायरी चढली नव्हती.

"त्याच्या मंडळाच्या लोकांसमोर त्याने मला 'बाहेरची' म्हटलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ठीक आहे, बाहेरची तर बाहेरची. माझा मान सांभाळत बसले मी इथे. पोरीचं काय चाललंय हे माझ्या गावीही नव्हतं. मी नर्स आहे, मॅडम. तिला एकदा नुसतं पाहिलं असतं तरी कळलं असतं मला."

मी तर पाहिलं होतं.

बसमध्ये बसून मी विचार करू लागले. औषध रोज द्यावं लागतं. मोठ्या सुट्टीत शाळा दोन महिने बंद होती, तरी भिंगरी धडधाकट होती. म्हणजे शाळेतलं कोणी नाही. आत्या खाटेवर होती, म्हणजे आत्या नाही. औषध देणारा माणूस रोज, रविवारीसुद्धा, तिच्या हाकेच्या अंतरावर होता.

संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला. मुलगी शुद्धीवर आली होती. आईबाबांना विचारायच्या आधी तिने विचारलं होतं, "मास्तर परत आले का?"

३

मास्तर भिंगरीच्या वरच्या मजल्यावर राहतात. गणिताचे निवृत्त शिक्षक, एकटे. गुरुवारी सकाळी दार उघडलं तेव्हा त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बारा दिवस गावाला, आपल्या मुलीकडे गेले होते, आदल्याच संध्याकाळी परतले होते. भिंगरी इस्पितळात असल्याचं त्यांना जिन्यातच कळलं होतं.

मी काही विचारायच्या आत ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मीच दिलं औषध. लिहून घ्या."

त्यांना स्वतःला वीस वर्षं मधुमेह. भिंगरी रोज शाळेआधी त्यांच्याकडे गणितं सोडवायला यायची. दहा महिन्यांपूर्वी ती एका गणितात तीन पेले पाणी प्यायला लागली, तेव्हा त्यांनी आपल्या यंत्रावर तिची साखर पाहिली. तो आकडा बघून धावत खाली गेले. वडिलांनी ऐकून घेतलं, आभार मानले, आणि सांगितलं, ती देवाच्या हातात आहे.

"दोन दिवस वाट पाहिली," मास्तर म्हणाले. "तिसऱ्या दिवशी तिला जिना चढवेना. मग माझ्या औषधातलं दिलं. दिवसातून एकदा, सकाळी. डोस किती द्यायचा, हे माझ्या डॉक्टरांना 'नातीसाठी' म्हणून विचारत गेलो. मला नात नाही."

"आमच्याकडे का नाही आलात?"

"आलो की. ते पत्र माझंच. एकट्याने निभेना म्हणून लिहिलं."

"त्यावर सही का नव्हती?"

"भ्यालो. दुसऱ्याच्या मुलीला चोरून औषध देणं हाही गुन्हाच ना? आणि तुम्ही येऊन गेलात, काहीच झालं नाही. मग वाटलं, आता तोंड उघडलं तर आहे तेही बंद पडेल."

एवढं सगळं जुळत होतं. देणारे मास्तर, ते बारा दिवस गावाला गेले, औषध थांबलं. मी वही मिटणार होते. पण त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते.

"औषध माझं," ते म्हणाले, "पण या हातांनी मी मुलीला सुई टोचेन असं वाटतं तुम्हाला? माझी मलाच जेमतेम टोचता येते."

ते उठले, फ्रीज उघडला आणि आतून औषधाचं पेन काढलं. पेनासारखीच नळी, टोकाला सुई लावायची, मागची कळ फिरवून डोस ठरवायचा. ते नवं कोरं होतं. शेजारी सुयांचं पाकीट, सील न फोडलेलं.

"जाताना हे तिच्यासाठी ठेवलं होतं. घराची किल्ली तिच्याकडेच होती, झाडांना पाणी घालायला. किती टिकटिक फिरवायचं ते पाठ करून घेतलं होतं. तिने एकदाही हात लावला नाही, मॅडम. का नाही लावला, ते मला सांगा."

मी कुंड्यांकडे पाहिलं. बारा दिवसांत एकही झाड वाळलं नव्हतं. मुलगी रोज येऊन झाडांना पाणी घालत होती.

४

इस्पितळात गेले तेव्हा भिंगरी उठून बसली होती आणि डाव्या हाताने मऊ भात खात होती. मी डॉक्टरांकडून खुणांचे फोटो मागून घेतले आणि तिच्या खाटेपाशी बसून नीट पाहिले. सगळे ठिपके पोटावर आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला. दंडावर एकही नाही. मोठं माणूस मुलाला सुई देतं तेव्हा दंड सोडत नाही. पण स्वतःची स्वतः देताना दंड गाठता येत नाही. उजव्या बाजूला ठिपके जास्त होते, डावखुऱ्या माणसाला सोपी पडणारी बाजू.

मास्तर कळ फिरवून पेन हातात देत होते. टोचत होती ती स्वतः. दहा महिने, रोज सकाळी, गणितं सोडवण्याआधी.

"तुला दुखायचं का गं?" मी विचारलं.

ती चमचा धरून थांबली. "मास्तरांनी सांगितलं का?"

"थोडं मास्तरांनी. थोडं मला कळलं."

"त्यांना पकडणार?"

"मला सगळं लिहावं लागेल. पण त्यांनी तुझा जीव वाचवला हेही लिहिणार आहे."

तिने भाताचा घास घेतला. मग म्हणाली, "तुम्ही त्याच ना, आमच्याकडे आलेल्या? निळ्या पिशवीवाल्या?"

"हो."

"तुमचा कागद बाबांनी सभेत वाचला."

तिने सांगितलं ते असं. मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी भल्या सकाळी, मंडळाची मोठी सभा होती. वडिलांनी तिला मंचावर उभं केलं. दोनशे माणसं. त्यांनी माझ्या अहवालाची प्रत उघडली आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली. सरकारनेसुद्धा मान्य केलंय, ते म्हणाले, आणि बोलता बोलता रडायला लागले. तिने बाबांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. लोकही रडत होते. एक म्हातारी येऊन तिच्या पायांना हात लावून गेली.

"मग मला कसंतरीच झालं," भिंगरी म्हणाली. "सगळे खरं बोलत होते. मीच एकटी खोटी होते."

"म्हणून तू थांबवलंस?"

"मला वाटलं, मी थांबवलं तर ते खरं होईल. बाबांचं म्हणणं." तिने चमचा ताटलीत ठेवला. "चार दिवस झालं होतं पण खरं. मग तहान लागायला लागली. मला वाटलं, मी आधी फसवलं म्हणून देव रागावलाय."

मी तिच्या ताटलीतला सांडलेला भात गोळा करू लागले. औषध कोणी थांबवलं याचा मी दोन दिवस शोध घेत होते. माझ्याच एका ओळीपाशी येऊन पोचले होते.

५

शुक्रवारी कोर्टाबाहेरच्या बाकावर भिंगरीची आई एकटीच बसली होती. वडील वकिलांशी बोलत होते. मी तिच्या शेजारी बसले.

"तुम्हाला एक विचारायचंय," मी म्हटलं. "मी फक्त खुणा म्हटलं होतं. त्या कुठे आहेत हे मी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, पोटाला, मांड्यांना."

ती साडीचा पदर बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"मापं घेते ना मी तिची," शेवटी ती म्हणाली. "फ्रॉक वर केला तेव्हा दिसलं. नऊ महिने झाले."

"आणि विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर मला कळलं असतं. कळलं असतं तर ह्यांना सांगावं लागलं असतं. नाहीतर देवाला." तिने तोंड दुसरीकडे वळवलं. "मी न बघायचं ठरवलं. म्हटलं, पोर जगतेय, आणि माझ्या माथी काही नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या माथी सगळं टाकून मी मोकळी झाले, मॅडम."

"नव्या खुणा बंद झाल्या तेव्हा?"

"तेही दिसलं. रोज दिसत होतं. म्हटलं, आता खरंच बरी झाली असेल."

आतून पुकारा झाला.

वकिलांनी अपेक्षेप्रमाणे माझा अहवाल पुढे केला. न्यायाधीशांनी मला विचारलं, हा तुमचाच ना? मी हो म्हटलं, आणि सगळं सांगितलं. रक्त तपासायचा अधिकार मला होता, तो मी त्रास नको म्हणून वापरला नाही. ती ओळ खरी नव्हती. मी न तपासता लिहिली होती. हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्यावं आणि माझी चौकशी व्हावी, असंही सांगितलं. मग मास्तर उभे राहिले, थरथरते हात मागे बांधून, आणि या वेळी त्यांनी नावानिशी साक्ष दिली.

वडील ताडकन उठले. "हे सगळे मिळून माझ्या मुलीला खोटारडी ठरवतायत," ते म्हणाले. "ती असं करणार नाही. तिच्या आईला विचारा."

न्यायाधीशांनी आईकडे पाहिलं. ती उठली. नवऱ्याकडे न बघता तिने बाकावर मला सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. वडील हळूहळू खाली बसले. एवढं मोठं तोंड करणारे वकीलही कागद नीट लावत राहिले.

हुकूम दुपारी आला. उपचार चालू राहतील, ते थांबवायचा अधिकार आईवडिलांना नाही. प्रार्थना करायला मनाई नाही. मुलगी सहा महिने आत्याकडे राहील, आईवडिलांनी रोज भेटावं, आणि घरी न्यायची असेल तर दोघांनी सुई द्यायला शिकावं. आईवडिलांवर निष्काळजीपणाचा खटला वेगळा चालेल. मास्तरांवरही गुन्हा नोंदवावा लागला. न्यायाधीशांनी त्यांना ताकीद देऊन सोडलं. मला महिन्याभराने कार्यालयातून कागद आला. तीन महिने चौकशीच्या कामावरून दूर. मी कमी शिक्षेसाठी अर्ज केला नाही.

६

शनिवारी सकाळी मी इस्पितळात गेले. कामाने नाही, ते काम आता माझं राहिलं नव्हतं. भिंगरी खाटेवर पाय सोडून बसली होती. नर्स तिच्या आईला पेन कसं धरायचं ते दाखवत होती. आत्या खिडकीपाशी उभी होती. दोन वर्षांनी नणंद-भावजय एका खोलीत होत्या आणि अजून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

वडील बाहेर दाराला टेकून उभे होते. आत आले नव्हते. काल संध्याकाळपासून ते असेच तिथे येऊन उभे राहतात, असं नर्सने मला सांगितलं.

"दे इकडे, मला येतं," भिंगरी आईला म्हणाली.

"तुला येतं ते माहितीय," आई म्हणाली. "आता मला करू दे."

तिने सुई लावली. शिवणाऱ्या बाईचा हात, पण तिने ती दोनदा तपासली. भिंगरीने स्वतःच पोटाची कातडी चिमटीत धरून दिली. सुई गेली. आईने ती लगेच ओढायला घेतली तशी भिंगरी म्हणाली, "थांब. अशी लगेच काढायची नाही, औषध बाहेर येतं. दहापर्यंत मोजायचं."

आई मोजू लागली. एक, दोन, तीन. चारला तिचा आवाज जड झाला. सहाला तो बंदच पडला. ती पेन तसंच धरून बसली, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

आत्या खिडकीपासून एक पाऊल पुढे आली. आई रडायची थांबेल म्हणून भिंगरी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"सात," दारातून आवाज आला.

वडील उंबऱ्याच्या आत आले होते. त्यांचे डोळे सुईवर होते.

"आठ," ते म्हणाले. "नऊ. दहा. काढ आता."